स्वच्छतामंत्र्यांचे वडील आणि नवी कडी

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, गेल्या वर्षी आमच्या घरात एक मंत्रिपद आले. चहाच्या वेळी, कसलीही पूर्वसूचना न देता आले. माझी मुलगी ऋतुजा, इयत्ता नववी, शाळेच्या विद्यार्थी मंत्रिमंडळात स्वच्छतामंत्री म्हणून निवडून आली.

मला भारी कुतूहल वाटले. आमच्या वेळी वर्गात मॉनिटर नावाचा एकच पुढारी असायचा, आणि त्याचे काम गुरुजींसाठी पान आणणे. "मंत्रिमंडळ करते तरी काय, बाई?" मी विचारले.

"शनिवारी बैठक असते, बाबा. विषय मांडायचा, ठराव घ्यायचा, मुख्याध्यापक सरांची सही घ्यायची."

"आन् तुह्या खात्याचा विषय काय?"

"मुलींच्या संडासाले कडी नाई. एक पोरगी आत गेली की दुसरीनं बाहेर दार धरून उभं राह्यचं. माहा गणिताचा अर्धा तास दार धरण्यातच जाते. तीन अर्ज देल्ले, सर म्हणतात, पाहू."

(कडी नसणे म्हणजे काय, हे मला पाठ आहे. आमच्या घरच्या न्हाणीला आम्ही आतून भरलेली बादली लावतो. सवयीचा प्रश्न आहे.)

आता मंत्र्याच्या घरचा माणूस नुसता बसून कसा राहील? गुरुवारी सोयाबीन घेऊन वाशीमला गेलो, तेव्हा येताना एक चकचकीत कडी आणली. बेत साधा होता. शनिवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी कडी लावून मोकळे व्हायचे. लेक बैठकीत विषय मांडायला उभी राहते, तो काम झालेले! बाप असावा तर असा, हे वाक्य कोण म्हणेल तेही मी मनात ठरवून ठेवले होते.

शिपाई रामभाऊंनी फाटक उघडले. हातातली कडी पाहून म्हणाले, "सुताराले बोलावता आलं असतं ना, भाऊ."

"सुतार काय वेगळं करते?" मी म्हणालो. ते मला लवकरच कळले.

कडी ठोकून-आवळून बसवली. स्क्रू आवळायचा पेचकस बाहेर पायरीवर ठेवला, आत गेलो, दार लोटले आणि कडी सरकवून पाहिली. छान बसली. इतकी छान बसली, की पुन्हा हलेचना. मी ओढली, विनंती केली, लाथ मारली. तेवढ्यात पटांगणात राष्ट्रगीत सुरू झाले. मी जिथे होतो तिथे सावधान उभा राहिलो.

मग बायकोला फोन लावला. "शाळेत ये. मी मुलींच्या संडासात अडकलो."

"तिथं काहून गेले होते?" तिने विचारले. हा प्रश्न त्या दिवशी मला सगळ्या गावाने विचारला.

माझ्या हाका ऐकून आधी ऋतुजा आली, पाठोपाठ अख्खे मंत्रिमंडळ. मुख्यमंत्री होता दहावीतला ओम. अत्यंत गंभीर मुलगा. "काका, घाबरू नका," तो म्हणाला. "आजची बैठक आपण इथंच घेऊ."

"बैठक कायले? पेचकस पायरीवर हाय, दाराखालून सरकव."

पेचकस उचलल्याचा आवाज आला. सरकवल्याचा आला नाही.

"बाबा," ऋतुजा म्हणाली, "पेचकस देल्ला तं तुमी कडी काढसान."

"मंग काय तं!"

"मंग सोमवारी पुन्हा दार कोण धरन?"

एवढ्यात मुख्याध्यापक धावत आले. "अगं, दे तो पेचकस. फाटकाशी लोक जमून राह्यले."

"देते ना, सर. पह्यले ठरावावर सही."

"सोमवारी करतो."

"मंग पेचकसबी सोमवारी."

"ऋतुजा, मी तुहा बाप हाय!" मी आतून ओरडलो.

"बाबा, बैठक सुरू हाय. मधात बोलू नका."

ओमने ठराव वाचला. मुलींच्या सगळ्या संडासांना तीन दिवसांत कड्या बसवाव्यात, आणि त्या सुताराकडूनच बसवाव्यात. (शेवटचे शब्द त्याने जरा मोठ्याने वाचले.) हात वर झाले असावेत, मला दाराखालून फक्त चपला दिसत होत्या. त्यातले सरांचे बूट थोडा वेळ चुळबुळले. मग पेनाचे टोपण उघडल्याचा आवाज आला. एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. पेचकस लगेच दाराखालून आत आला.

हातात कडी घेऊन मी घामाघूम बाहेर पडलो. टाळ्या चालू होत्या, पण सगळे माझ्या लेकीकडे तोंड करून उभे होते. मंत्रिमंडळ काय करते, हे कुतूहल माझे पुरते फिटले होते.

"आणखी कोणाचा काही विषय?" ओमने रीतीप्रमाणे विचारले.

गर्दीतून बायको पुढे आली. तिने माझ्या हातातल्या नव्याकोऱ्या कडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि अख्ख्या शाळेसमोर लेकीला म्हणाली, "माय, आपल्या घरच्या न्हाणीचाबी ठराव घेऊन टाक. चार वर्सं झाले, बादली सरकवून राह्यली मी."