दाराजवळचं बाकडं

आई गेली त्यानंतर काही महिन्यांनी बाबा माझ्याकडे रायपूरला राहायला आले. सगळी नोकरी रेल्वेत आणि सगळं आयुष्य बडनेऱ्यात गेलेलं. मी एकटी राहते. नवा रायपूरमधल्या एका कार्यालयात आस्थापना विभागात आहे. सकाळी निघते ती संध्याकाळी परतते. तोवर बाबा घरात एकटे असत. त्यांना कंपवात आहे. उजवा हात मांडीवर ठेवला की थरथरत राहतो, आणि वाकणं तर जवळजवळ बंदच झालंय.

अडचण बुटांची होती. संध्याकाळी आम्ही फिरायला निघायचो तेव्हा ते दाराला पाठ टेकून उभ्यानेच बुटात पाय घालायला बघत. एकदा मी खाली बसून नाडी बांधायला गेले, तर पाय मागे घेतला.

"राहू दे. मी काय लहान पोट्टा आहो?"

मग "आज नको, उद्या जाऊ" सुरू झालं. मग त्यांनी फिरायला जायचा विषयच काढणं सोडलं.

दाराजवळ बसायला काहीतरी हवं होतं. आमच्या दारामागची जागा इतकी चिंचोळी आहे की दुकानातलं कुठलंही बाकडं ठेवलं तरी दार त्याला अडलं असतं. खुर्ची ठेवून पाहिली, तेच झालं. शेवटी मी ठरवलं की मापाचं बाकडं स्वतःच करायचं. लाकडाचं काम मी कधी केलं नव्हतं. लहानपणी घरात खिळा ठोकायचा असला की धाकट्या भावाला हाक मारायचे, मला कधीच नाही. कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागले. त्यातली माणसं फळी कापतात तेव्हा ती दहीवड्यासारखी मऊ वाटते.

रायपूरच्या भनपुरी भागात ट्रकांचे अड्डे आहेत. मालाबरोबर आलेल्या मोडक्या पेट्यांच्या फळ्या तिथे मिळतात. तिथून पाइनच्या फळ्या गाडीच्या मागच्या सीटवर तिरप्या घालून आणल्या. करवत, ड्रिल आणि काटकोन तपासायचा सुताराचा गुण्या बूढापाऱ्यातल्या एका दुकानातून घेतला. रविवारी सकाळी बाल्कनीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या समोरासमोर मांडल्या, त्यावर फळी ठेवली आणि करवत चालवली. फळी करवतीबरोबर पुढे-मागे फिरू लागली. गुडघ्याने दाबून पाहिलं तर खुर्ची सरकली.

बाबा आतून येऊन दारात उभे राहिले.

"काय करून राहिली?"

"बाकडं करून राहिली, बाबा. बूट घालायले."

ते थोडा वेळ पाहत राहिले. "फळी हालून राहिली तुही."

"हो ना."

त्यांनी खुर्च्या बाजूला केल्या, फळी बाल्कनीच्या उंबऱ्यावर ठेवायला लावली आणि भिंतीला धरत धरत तिच्या एका टोकावर बसले.

"काप आता."

फळी हलली नाही. पहिला काप वाकडा गेला, पण गेला.

असं ते दर रविवारी बसू लागले. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर आल्या. "दीदी, ऊपर से बुरादा गिर रहा है, मेरे कपड़े सूख रहे हैं," म्हणाल्या. मी माफी मागितली आणि भुसा खाली पडू नये म्हणून कठड्याला जुनी चादर बांधली. बाबा फळीवरून उठले नाहीत. बसूनच त्यांना म्हणाले, "बेंच बन रही है. बन जाए तो आके बैठना."

बाकडं तयार झालं. दोन बाजूंना दोन उभ्या फळ्या, वर एक आडवी, वरून पिळलेले स्क्रू. दिसायला अगदी बाकड्यासारखं होतं. दारामागे बरोबर बसलं. संध्याकाळी मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर धप्पकन आवाज झाला.

एका बाजूची उभी फळी बाहेरच्या अंगाला उलटली होती. बाबा कुशीवर पडले होते, एक बूट पायात, एक हातात. डोळे उघडे.

"काही नाही झालं," ते म्हणाले. मग, "काहून पडलो मी?"

मला ते एकटीने उचलवेनात. मी जिन्यातून हाका मारल्या. खालच्या बाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. आम्ही दोघींनी मिळून त्यांना उठवलं आणि बाईंच्याच गाडीतून दवाखान्यात गेलो. एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं. खुब्याला मुका मार होता.

भावाला कळवणं भाग होतं. तो पुण्यात असतो.

"ताई, तू सुतार आहेस का?" तो फोनवर म्हणाला. "काय हवं ते विकत आण ना. आणि जमत नसेल तर सांग, मी बाबांना इकडे घेऊन येतो."

जमत नसेल तर, या शब्दांवर मी फोन ठेवला. हत्यारं पिशवीत भरून माळ्यावर टाकली. मोडलेलं बाकडं बाल्कनीत तसंच उलटं पडून राहिलं.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी कार्यालयातून आले तर बाबा बाल्कनीत खुर्चीवर बसलेले आणि ती उलटलेली फळी मांडीवर घेतलेली.

"पाह्य," ते म्हणाले. "स्क्रू तू फळीच्या टोकातून घुसवले. तिथंच फाटली. अन् फलाटावरच्या बाकाले खालून एक आडवी पट्टी राह्यते. दोन्ही पायाले धरून ठेवते. तुह्या बाकाले ते नाही."

"तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"नाही वं. पडल्यावर आठवलं."

मला हसू आलं. तेही हसले. मग म्हणाले, "पुन्हा बनव. पण पहिले तू बसजो."

"भाऊ ओरडेल."

"त्याले कायले सांगतं?"

दुसऱ्या वेळी पायांसाठी सरईचं, म्हणजे साल वृक्षाचं, जाड लाकूड आणलं. ते इतकं कठीण की ड्रिलचं पातं मोडलं. खालून आडवी पट्टी घातली, सांध्यांत गोंद भरला, आरपार बोल्ट टाकले. काम फार हळू चाललं. घासायचं काम बाबांनी मागून घेतलं. काचपेपर हातात धरून म्हणाले, "या हाताले हलायचं शिकवा नाही लागत." मी पाहत होते. गंमत अशी की घासताना त्यांचा हात थरथरत नव्हता. कामात असला की कंप कमी होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. हात थांबला की थरथर पुन्हा सुरू होई.

घासता घासताच एकदा ते म्हणाले, "तुह्या आईले शिलाई मशीनसाठी टेबल पाहिजे होता. खाली बसून तिची कंबर दुखे. मी आणतो आणतो म्हणत राह्यलो."

आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय असा पहिल्यांदाच काढला होता.   त्यांनी फळीवर फुंकर मारली, भुसा उडवला आणि पुन्हा घासायला लागले.

बाकडं झालं तेव्हा आधी मी बसले. मग मी आणि खालच्या बाई दोघी एकदम बसलो. मग बाबा. त्यांनी दोन्ही बूट घातले. नाड्यांच्या जागी मी चिकटपट्ट्यांचे बूट आणले होते, ते मात्र आधीच सुचायला हवं होतं.

भाऊ दिवाळीनंतर आला, ठरवून आला होता. बाबांचं पुण्याचं तिकीटही त्याने आपल्याबरोबर काढलं होतं. आल्या आल्या बूट काढायला तो बाकड्यावर बसला. उठल्यावर त्याने वाकून खाली पाहिलं, बोल्ट चाचपले, हाताने गदगदा हलवून पाहिलं.

"एका बाजूला कललंय हे," तो म्हणाला.

"हव," बाबा म्हणाले. इथेही होकाराला हाच शब्द आहे, हे त्यांना फिरायला जाताना कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांकडून कळलं होतं. "कललं आहे. पण पडत नाही."

जेवताना भावाने तिकिटाचा विषय काढला. बाबांनी शांतपणे घास संपवला.

"उन्हाळ्यात येईन मी," ते म्हणाले. "आत्ता नाही."

"इथे दिवसभर एकटे काय करता तुम्ही?"

"एकटा कुठं राह्यतो."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी वरण वाढत होते. त्याला वाईट वाटलं असावं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि जरा भीतीही वाटली, कारण पुढे बाबांचं दुखणं वाढत जाणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. दोन दिवसांनी तो एकटाच परत गेला.

तो गेल्यानंतरच्या शनिवारी मी घरी आले तर खालच्या बाई बाबांशी बोलत बसल्या होत्या. त्यांना स्वयंपाकघरात माठ ठेवायला लाकडी तिवई हवी होती. बाबांनी त्यांना होकार देऊन टाकला होता, उंचीसुद्धा ठरवली होती. मला कुणी विचारलं नव्हतं.

"सरई घेऊ," बाबा मला म्हणाले. "लोक म्हणते, पाण्यानं सडत नाही ते."