तळ्यापलीकडची श्रोती

थोआ टोफू विकायची, आणि गावापुरती तिची ओळख तिथंच संपायची. टोफू मऊ, माप सढळ, बोलणं कमी. कमी बोलण्यामागे गळा जपायची जुनी सवय होती, हे कुणाला माहीत नव्हतं. तरुणपणी ती हनोईतल्या गाण्याच्या घरांमधली गाणारी होती. पुढे राज्य बदललं, ती घरं म्हणजे बदनामीची घरं असं ठरलं, आणि तो विषय तिच्या संसारातून काढून टाकण्यात आला. नवरा भला माणूस. त्याने तिला कधी टोमणा मारला नाही आणि कधी गा म्हटलं नाही. तो गेला तेव्हा ती गळा काढून रडलीसुद्धा नाही; कुणीतरी गळा ओळखेल अशी भीती.

आता मात्र तेच गाणं देशाची अमूल्य ठेव आहे, असं वरच्या कुणाच्या तरी लक्षात आलं. जिल्ह्याच्या कचेरीतले क्वेत जुन्या नोंदींतून तिचं नाव शोधून सायकलवरून आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "आजी, तुम्ही म्हणजे खजिना आहात. लवकरच रेडिओवाले येतील. तुम्ही गायचं."

"खजिना गंजलाय का, ते आधी बघायला नको?"

"छे हो! काय आवाज आहे तुमचा!"

"कधी ऐकलात?"

"ऐकायला कशाला हवा? दिसतंच की."

सून हिएन दारात उभी राहून ऐकत होती. क्वेत गेल्यावर ती म्हणाली, "आई, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही जेवायच्या काड्या पातेल्यावर वाजवत होता ते... मला वाटायचं, हात थरथरतो तुमचा."

"तसंच वाटू दे म्हटलं."

दुसऱ्या दिवशी क्वेत ढोल घेऊनच आले. या गाण्यात गाणारी बांबूच्या पट्टीवर काठ्यांनी ताल धरते आणि ढोल वाजवतो तो श्रोता. जागा साधली तर त्याने ढोलाच्या लाकडी कडेवर टोला द्यायचा. नाही साधली तर हात आवरायचा. थोआ गायली. क्वेतनी ओळीओळीला टोला दिला. मध्ये ती खोकली, तेव्हाही दिला. हिएनने डोळे पुसले आणि सगळं फार छान झालं म्हणाली. थोआला रात्रभर झोप लागली नाही.

तिला खरं सांगू शकेल अशी एकच व्यक्ती जिवंत होती आणि ती तळ्याच्या पलीकडे राहत होती. लिऊ. दोघी एकाच मावशीकडे गाणं शिकल्या, एकाच घरात गायल्या. एकदा एका बड्या पाहुण्याने थोआवर टोल्यांचा पाऊस पाडला आणि लिऊला एकही दिला नाही. बाहेर पडताना लिऊ म्हणाली, "तो ढोल तुझ्या गळ्याला नव्हता गं, गालांना होता."

तिथून पुढे दोघींचं बोलणं बंद. एकाच तळ्यावर भाजी धुवायच्या आणि सांगायचं ते बदकांना सांगायच्या. "बदकांनो, कुणाची तरी परात वाहून चाललीय हो!" परात वेळेवर सापडायची, आभारही बदकांचेच मानले जायचे.

थोआला त्या वाक्याचा राग नव्हता. ते खरं असेल, ही धास्ती होती. तिला आजवर दाद दिली ती पुरुषांनी, आणि ते सगळे तिच्याकडे बघत होते. आता गाल उरले नव्हते. आता विचारायला हरकत नव्हती. लिऊ नाही म्हणाली, तर रेडिओवाल्यांना टोफू खाऊ घालून परत पाठवायचं, असं ठरवून तिने क्वेतनी मागे ठेवलेला ढोल काठीसकट काखोटीला मारला आणि तळ्याला वळसा घातला.

लिऊ ओट्यावर सुपारी कातरत होती. "आज बदकं नाहीत वाटतं," ती म्हणाली.

"तुझ्याशीच बोलतेय. ही काठी धर."

"बायका कधी ढोलाची काठी धरतात का? ते गिऱ्हाइकांचं काम."

"गिऱ्हाइकं मेली सगळी."

"चांगलं झालं."

"लिऊ, मी गाऊ की नको, ते तू सांग. खोटा टोला देऊ नकोस."

"तुला खोटा? मला खरा द्यायचा म्हटलं तरी जिवावर येतं."

पण तिने अडकित्ता खाली ठेवला आणि हात पुसले.

थोआ गाऊ लागली. पहिलं कडवं संपलं. काठी हवेतच राहिली. दुसऱ्यात वरचा सूर फाटला. थोआने डोळे मिटून घेतले आणि गाणं खाली उतरवलं, तोंड जवळजवळ बंद करून, जिथे आवाज घशातल्या घशात दाण्यादाण्याने पडतो तिथे.

टक्.

लाकडावर एकच टोला. मग गाणं संपेपर्यंत काठी पुन्हा उचलली गेली नाही.

"वरचा सूर गेला तुझा," लिऊ म्हणाली.

"गेला."

"दुसऱ्या कडव्यात श्वास चोरलास. मावशीने कान उपटला असता."

"हो."

"ती खालची जागा..." लिऊने उगाचच ढोलावरची धूळ पुसली. "त्या दिवशीही तू अशीच घेतली होतीस. त्या मूर्खाला कळली नाही. तो भलतीकडेच टोले देत सुटला होता. माझ्या हातात काठी नव्हती."

थोआ ओट्याच्या कडेला बसली. "म्हणजे तो ढोल..."

"गालांनाच होता. मी खोटं बोलत नाही." लिऊने ढोल जवळ ओढला. "गळ्याला द्यायचा राहिला होता, तेवढंच."

थोआने तोंडावरून बाही फिरवली. लिऊने तिकडे बघायचं टाळलं.

"रेडिओवर वरचं काही घेऊ नकोस," ती म्हणाली. "आणि त्या कचेरीवाल्याच्या हाती काठी देऊ नकोस. काल इथपर्यंत ऐकू येत होतं. सुतार आलाय वाटलं."

"मग कुणाच्या हाती देऊ?"

लिऊने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि वरून हात ठेवला.

"दुसरं कडवं पुन्हा म्हण," ती म्हणाली. "श्वास न चोरता."