उभेकाका बसले तो दिवस

उभेकाकांचं खरं आडनाव निराळंच होतं. पण चाळीस वर्षांत त्यांना कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून आजूबाजूचे गुरंवाले त्यांना उभेकाका म्हणायचे. दीडशे गुरं, दोन टेकड्यांवर पसरलेलं कुरण आणि रोज कुठे ना कुठे तुटणारं कुंपण. जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन ते खिडकीपाशी उभे राहायचे, का तर तिथून गुरांचा हौद दिसतो. जणू यांची नजर हटली की हौद उठून चालू लागणार होता!

"अहो, चार घास तरी बसून खा," काकू म्हणायच्या.

"गुरांना सुट्टी नसते."

"गुरं निदान रवंथ करायला तरी बसतात. तुमच्यापेक्षा तीच शहाणी."

काकूंचं आयुष्यात एकच मागणं होतं. या माणसानं एकदा काही न करता आपल्या शेजारी बसावं, चहा गरम असताना प्यावा. त्यासाठी त्यांनी जुन्या फाटकाच्या फळ्यांचा एक बाक सुताराकडून करून घेतला आणि गवताच्या कोठाराला टेकून, सावलीत ठेवला. स्वयंपाकघरातून तो समोरच दिसायचा. सात वर्षं त्या बाकावर मिठाचे खडे बसले, पक्कड बसली, तारेची भेंडोळी बसली. काका तेवढे बसले नाहीत.

आणि एका सकाळी, अकराच्या सुमाराला, काकूंनी खिडकीतून पाहिलं तर काका बाकावर! पाठ भिंतीला टेकलेली, टोपी डोळ्यांवर, हात मांडीवर. काकूंना हसूच फुटलं. इतक्या वर्षांनी का होईना, ऐकलं बाई माझं.

तेवढ्यात लेक गोठ्यातून धावत आली. "आई, ती काळी गाय अडलीये. बाबांना बोलावते."

"खबरदार हाक मारलीस तर! आज कुठे बसलाय माणूस. चल, मी येते."

मायलेकींनी मिळून वासरू ओढून काढलं. मग काकूंनी काकांची कामंही उरकली. हौदात पाणी सोडलं, वाऱ्यानं आपटणाऱ्या फाटकाला चिंधी बांधली, उगाच झोपमोड नको म्हणून. हात धुवायला स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा काकांनी डावा हात जरासा वर केलेला दिसला. काकूंनी खिडकीतून हसून हात हलवला आणि कणीक मळायला घेतली.

एक वाजता दोन कप चहा घेऊन त्या बाकापाशी गेल्या. शेजारी बसल्या. "वासरू झालं हो," म्हणाल्या, "पाडी आहे." काका बोलले नाहीत. काकूंनी टोपी उचलली. डोळे उघडे होते, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि ते काकूंकडेच बघत होते.

मेंदूत रक्ताची गाठ होती. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केव्हा झालं हे?"

"अकराला बसले."

"मग आणलंत दोनला? मधे कुणी पाहिलं नाही?"

"पाहिलं ना," काकू म्हणाल्या. "मी सारखी पाहत होते."

चौथ्या दिवशी काका गेले. लेकीनं आईला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि काकूंना तेच जास्त लागलं. बोलली असती, भांडली असती, तर निदान रडता तरी आलं असतं.

आता कुरण लेक बघते. दिवसभर राबते, अगदी बापासारखी, पण संध्याकाळी पायरीवर बूट काढून टेकते. ती टेकली रे टेकली की आतून हाक येतेच.

"काय गं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. नुसती बसलेय."

पाच मिनिटं जात नाहीत तोच पुन्हा, "अगं ए!"

परवा ती वैतागली. "आई, जन्मभर बाबांच्या मागे लागलीस बसा बसा म्हणून. मला मात्र बसू देत नाहीस."

काकू कणकेचे हात तसेच घेऊन दारात आल्या.

"बस की गं," त्या म्हणाल्या. "हवी तेवढी बस. पण बोलत बस."

मग लेक पायरीवरून सांगू लागली, आज कुठली गाय किती प्याली, कुठे तार तुटली, काळीची पाडी केवढी झाली. आतून काकू हुंकार देत राहिल्या.