उपासाच्या जिभेने निवडलेली वाईन

नणंदेच्या लग्नासाठी वाईन कुणाकडून घ्यायची, एवढ्या एकाच गोष्टीत सासरी माझं मत विचारलं गेलं. एरवी मी गप्प असायचे आणि सासूबाई त्याला घुमेपणा म्हणायच्या. पण माझ्या माहेरी दर उन्हाळ्यात जांभळाची वाईन घालत. वडील बरणी उघडली की पहिला थेंब मला चाखायला देत. पाणी घातलेलं, साखर करपलेली, बरणीला आधीच्या लोणच्याचा वास, सगळं मला एका थेंबात कळायचं. हे नवऱ्याने कधीतरी घरात सांगितलं होतं.

दुसरं महायुद्ध संपलं होतं तरी साखर रेशनवरच होती. लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात होतं. उपासाच्या चाळीस दिवसांत आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लग्नं लागत नाहीत, त्यामुळे तयारी सगळी त्याच दिवसांत चालते. उपास सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी सासूबाईंनी सांगून टाकलं की दोन्ही सुनांनी ईस्टरपर्यंत साखर आणि गूळ सोडायचा. थोरल्या जावेने त्यांच्यासमोर छातीवर क्रूस काढून कबूल केलं. मीही केलं. तेव्हापासून आम्ही दोघी कोरा, बिनगोड चहा प्यायचो.

जावेचं माहेर पापडी गावचं. त्यांच्या वाडीत द्राक्षाचा मांडव होता आणि त्यांची वाईन महाग असायची. वाईन तिथूनच येणार असं तिने धरून ठेवलं होतं. पण नंदाखालला एक म्हातारी विधवा जांभळाची वाईन निम्म्या किमतीत देते असं नवऱ्याला कळलं. सासूबाई म्हणाल्या, धाकटीला घेऊन जा, तिला चाखू दे.

म्हातारीने केळीच्या बागेतल्या झोपडीत बरणी भाताच्या तुसात पुरून ठेवली होती. मला पेला देऊन म्हणाली, “चाख गो, पानी नाय घातलंय.”

नव्हतंच घातलं. रंग गडद, जांभळाचा तुरटपणा शेवटी हळूच येणारा आणि त्याआधी भरपूर गोडी. मी एक बाटली घरी आणली. सासूबाईंना वाईन सोसत नसे, म्हणून पापडीची आणि नंदाखालची अशी दोन्ही मी आणि जावेने त्यांच्यासमोर चाखली. पापडीची मला काकवीसारखी चिकट लागली. नंदाखालची घ्या, असं मी सांगितलं. जाऊ भांडेल असं वाटलं होतं. ती नंदाखालचा घोट तोंडात थोडा वेळ धरून बसली, मग पदराने ओठ पुसत म्हणाली, “धाकटी म्हणते तर तीच घ्या. तिची जीभ मोठी हुशार.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “वरपक्षासमोर माझी मान खाली गेली, तर या घरात पुन्हा कशावरही बोलायचं नाही.”

लग्नाच्या दिवशी छोटे पेले फिरले. वराच्या मामाने एक घोट घेतला आणि पेला मांडवाच्या खांबाशी मातीत ओतला. त्यांच्यातल्या एका बाईने विचारलं, ही वाईन की कोकमाचं पाणी? बाकीचे हसले. मी आत जाऊन बाटलीतला घोट घेतला. आंबट होती, खरंच आंबट. ईस्टरपासून मी साखरेचा चहा पीत होते, सकाळी लग्नाची मिठाई खाल्ली होती. उपासात गोडाला पारख्या झालेल्या जिभेला जी वाईन भरपूर गोड लागली, ती आता तशी लागत नव्हती. चूक माझीच होती. उपासात लग्नाची वाईन निवडायची नसते, हे वडिलांनीही मला कधी सांगितलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात मला वाटेल ते बोलल्या. मी ऐकून घेतलं. पण जावेला राहवलं नाही. पेले विसळता विसळता ती म्हणाली, “मला त्याच दिवशी आंबट लागली होती. पण माझं कोण ऐकतंय?”

त्या घरात मी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. “वहिनी, तुमची पण साखर बंद होती ना? मग तुम्हाला आंबट कशी लागली?”

सासूबाई उठल्या, फडताळातून गुळाचा डबा काढला आणि ढेप उलटी केली. वरून ढेप जशीच्या तशी होती. खालून मात्र चमच्याने खरवडून पोकळ केलेली.

मला वाटलं, आता तिला बोलतील. त्यांनी झाकण लावलं, डबा जागेवर ठेवला आणि मलाच म्हणाल्या, “लग्नाच्या घरात हे उकरून काढायला नको होतंस. तुला सांगितलं होतं ते लक्षात ठेव.”

मी ठेवलं. पुन्हा मला कुणी काही चाखायला दिलं नाही आणि मीही कशावर मत दिलं नाही. जावेशी कामापुरतंच बोलणं राहिलं. पुढे दारूबंदी आली, पापडीचा मांडवही मोडला. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

नंदाखालची वाईन मात्र वाईट नव्हती, हे मी आजही लिहून ठेवते. तिच्याआधी गोड खाऊ नये, एवढंच. सोबत भाजलेला सुका बोंबील घ्यावा. लग्नातली एक बाटली मी तांदळाच्या कणगीत लपवली होती. पुढच्या वर्षी उपासाच्या चौथ्या आठवड्यात मी ती एकटीने उघडली. पुन्हा तशीच गोड लागली. जाऊ दारात उभी राहून बघत होती. तिला मी घोटभरही विचारली नाही.