कॅराव्हॅनखाली गेलेली बाई

नोकरीत बरेच मृत्यू पाहिले, पण मुळशीतल्या त्या चढावरचा मृत्यू आठवला की आजही माझं डोकं तापतं.

मी तिथं पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भूगावकडच्या एका बड्या माणसानं धरणावरच्या पठारावर जमीन घेतली होती. पाहुण्यांना राहण्यासाठी त्यानं कॅराव्हॅन आणली. म्हणजे चाकांवरची खोलीच. आत पलंग, ओटा, सगळं. इंजिन मात्र नाही, जीपच्या मागं जोडून ओढायची. पठारावर जायला एकच वाट होती. दगडगोट्यांची, पावसानं उकरलेली. वरच्या धनगरवाडीची वर्दळही त्याच वाटेनं.

एका दुपारी चढावर जोडणी निसटली. कॅराव्हॅन मागं घरंगळली आणि वाडीतली एक तरुण बाई चाकाखाली सापडून जागीच गेली.

तासाभरात मालकाच्या वकिलाबरोबर एक इसम ठाण्यात हजर झाला. मृत बाईचा सख्खा दीर. म्हणाला, "जीप मी चालवत व्हतो."

मी संतापलो. "स्वतःच्या वहिनीला मारलंस?" म्हणून त्याच्यावर हात उगारला. त्यानं मान खाली घातली, चुकवायचा प्रयत्नही केला नाही. ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी गुन्हा दाखल करून त्याला अटक केली. जीप आणि कॅराव्हॅन जप्त करून ठाण्याच्या आवारात लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई आली. ठाणे अंमलदार तिला बाकावर बसायला सांगत होता, पण ती थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"सायब, माझा ल्योक खोटं बोलतुया."

"कशावरून?"

"त्यो तवा माझ्यासंगं वढ्यावर शेरडास्नी पानी पाजत व्हता. आरडावरडा ऐकून आमी दोघं पळालो. त्येला जीप चालवाया येतच न्हाई. टॅक्टर येतोय."

आई मुलासाठी काहीही बोलेल, असं मनात आलं. पण तिची सूनही गेली होती. मी आरोपीला आवारात आणलं आणि म्हणालो, "काल जोडली होतीस तशी जोडून दाखव."

तो दोन्ही गाड्यांच्या मध्ये वाकला. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, मग हळूच विचारलं, "सायब, पिन कुटं घालू?"

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पिन असते. या कॅराव्हॅनचं तोंड जीपच्या लोखंडी गोळ्यावर बसून खटक्यानं बंद होत होतं. पिनचा संबंधच नव्हता. त्यानं ती जोडणी आयुष्यात हाताळली नव्हती.

"कोणाला वाचवतोयस?" मी विचारलं.

तो खाली बसून रडायला लागला. "मालक म्हनला, तू गुन्हा अंगावर घेतला न्हाईस तर वाट बंद करीन. वाट त्येच्या जमिनीतनं जाती. वहिनी तर गेली, सायब. वाट गेली तर वाडीनं जायचं कुटनं? दवाखान्याला जायाची बी तीच हाय."

त्या दिवशी जीपमध्ये मालकाचा एक मित्र होता, हेही त्यानंच सांगितलं. मित्राला मी जबाबासाठी बोलावलं. पंधरा मिनिटांत तो बोलू लागला. सहलीचं चित्रीकरण त्यानं मोबाईलवर केलं होतं. मोबाईल पंचांसमक्ष ताब्यात घेतला.

चित्रीकरणात स्टिअरिंगवर मालक होता. चढावर जीप अडकली, चाकं जागच्या जागी फिरू लागली. मित्र चित्रीकरण करतच खाली उतरला. खिडकीतून डोकं काढून तो शेरडांमागं चाललेल्या त्या बाईला ओरडला, "ए बाई, बघतेस काय? चाकामागं दगड लाव!" ती धावत गेली, दगड उचलून वाकली. त्यानं पुन्हा जोरात गाडी रेटली आणि हिसक्यासरशी जोडणी उडाली. पुढचं मी इथं लिहीत नाही.

जोडणी सुटली तरी गाडी धरून ठेवणारी साखळी कॅराव्हॅनच्या कपाटात घडी करून ठेवलेली सापडली. मालकाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "फार खडखड करते हो. आणि साहेब, त्या बाईला एवढं मागं उभं राहायची काय गरज होती?"

खुर्चीचे हात घट्ट धरून मी बसून राहिलो. उठलो असतो तर वर्दीला शोभणारं काही घडलं नसतं.

दिराला सोडलं. मालकाला निष्काळजीपणानं मृत्यूस कारणीभूत होणं, खोटा आरोपी उभा करणं आणि धमकावणं या आरोपांखाली अटक झाली. वाटेबाबत मी तहसीलदारांना सविस्तर अहवाल पाठवला, वाडीकडून अर्ज करवला. वहिवाटीचा रस्ता म्हणून तिची नोंद झाली. आता ती कोणाला अडवता येत नाही. खटला माझ्या निवृत्तीनंतर संपला. शिक्षा झाली, पण ती ऐकून मला समाधान वाटलं नाही.

नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो: माणूस आपल्या पायानं येऊन गुन्हा कबूल करतो, तेव्हा त्याला कशाची भीती आहे ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. मालकाचा राग तर येतोच. पण तयार कबुली हातात पडल्यावर त्या संध्याकाळी मी ज्या निवांतपणे जेवलो होतो, त्याचा राग अजून गेलेला नाही.