दस्तगीरमामांनी काढलेली दिष्ट

दस्तगीरमामा गोठ्यात शिरले की मालकाला रामराम करण्याआधी वासराच्या तोंडाला नाक लावत. मोहोळजवळच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते आणि मी नवाकोरा डॉक्टर. आंबूस वास आला की त्यांचं निदान पक्कं. "सायेब, आत जंत हायती. आईच्या दुधातनंच येत्यात." मी शेण तपासून येईपर्यंत मामांचा चहा पिऊन झालेला असे.

एकदा गावात फेरीवर असताना रुक्माक्कांच्या गोठ्यात गेलो. तीन आठवड्यांचं रेडकू, पोट टम्म फुगलेलं, केस राठ, शेण पातळ आणि मातकट. आदल्या साली त्यांचं रेडकू असंच दगावलं होतं, आणि तेव्हाही त्यांनी औषधाला हात लावू दिला नव्हता. यंदाही शेजारच्या चार बायकांसमोर त्या ठाम.

"दिष्ट लागलीया त्येला. औषध नगं."

मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी माझ्या पायावर पाय दिला. "व्हय की आक्का, लई वंगाळ दिष्ट हाय!" त्यांनी जंताच्या औषधाची बाटली रेडकावरून सात वेळा ओवाळली, काहीतरी पुटपुटले आणि मापाचं औषध त्याच्या घशात ओतलं.

वाटेत मी भडकलो. "मामा, ही शुद्ध फसवणूक आहे! आणि मंत्र कसला म्हणत होता?"

"मंत्र कुटला? किलोमागं औषध किती, त्येचा हिशोब करत हुतो. ओवाळलं म्हणून औषधाचा गुण जातो व्हय?"

दुसऱ्या दिवशी शेणात वीतभर लांब पांढऱ्या जंतांचा गुंता पडला. "दिष्ट पडली!" म्हणून गावभर बोभाटा झाला. आठवड्यात रेडकू उड्या मारायला लागलं. मला मात्र राहवेना. मी मामांना खरं सांगायला ओढत नेलं. आक्का एकट्याच होत्या. मामांनी खाली मान घालून सगळं कबूल केलं.

"मला ठावं हाय की," आक्का म्हणाल्या. "बाटली काय मी बगितली न्हाय? पर यंदा औषधाला व्हय म्हटलं असतं, तर गेल्या सालचं रेडकू माज्याच हट्टानं मेलं, हे त्या चौघींम्होरं कबूल केल्यागत झालं असतं. तुमी ओवाळलंत, माजी सुटका झाली."

आपल्या बाकी सगळ्या लबाड्या मामा टपरीवर मीठमसाला लावून सांगत. ही मात्र त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितली नाही.