लेक मराठीत भांडली

परवा आमच्या अंबरपेठच्या घरात खणखणीत भांडण झालं... आणि मी अजून त्याच आनंदात आहे. वेड लागलंय म्हणा हवं तर!

झालं असं, की गेल्या महिन्यात ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. लेक गार्गी बेंगळुरूला नोकरीला. उगाच तिच्या जिवाला घोर नको म्हणून आम्ही दोघांनी शहाणपणा केला आणि ह्यांना घरी आणल्यावरच तिला कळवलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. ‘ओके. टेक केअर’ एवढंच. पुढे रोजच्या फोनवरही ‘आयम फाइन, आई’... बँकेतून कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. पोटची पोर लांब चाललीय या भीतीने मला घास गोड लागेना.

गार्गी इथे तेलुगू मुलखातच वाढली; तिचं मैत्रिणींशी तेलुगू, बाबांशी चेष्टामस्करी इथल्या दखनी हिंदीत, ऑफिसात इंग्रजी. मराठी फक्त घरात, तीही बोलण्यापुरती... वाचायला दिलं की अडखळते. नातेवाईक म्हणतात, पोरीची मराठी गेली.

शनिवारी ती आली. दुपारी जेवताना तोंडाला कुलूप. ह्यांनी नेहमीचा उपाय काढला, "क्या जी, इत्ता गुस्सा? नक्को ना!" एरवी यावर ती हसतेच.

तिने ताट बाजूला सारलं. "मला परकं का केलंत? बाबा आयसीयूत अन् मी तिकडं पिक्चर बघत होते! काही बरंवाईट झालं असतं तर? जीव तुटतो माझा तुमच्यासाठी... कळतं का तुम्हाला?"

आयसीयू, पिक्चर सोडले तर एक इंग्रजी शब्द नाही! परकं करणं, जीव तुटणं... हे तिला मुद्दाम कुणी शिकवलं नव्हतं. महिनाभर जे ‘फाइन’च्या खाली दाबून ठेवलं होतं, ते सगळं भडाभडा बाहेर आलं.

ह्यांची थट्टा जागच्या जागी थांबली. "चुकलं गं बाळा," म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

मग तिने आम्हा दोघांना चांगलंच फैलावर घेतलं. मी मान खाली घालून ऐकत होते...

लेकीची बोलणी खाताना ऊर इतका भरून येतो, हे मला खरंच माहीत नव्हतं.